अक्काचे नऊ चकोतरे

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधेच ठसका लागून चहा सांडायला नको. एकतीस वर्षं पोरांच्या चुकांखाली लाल रेघ ओढत आलेल्या माणसानं स्वतः केवढी मोठी चूक केली, ते सांगायला बसलोय. तीही एका फळापायी! आणि ते फळ मी खाल्लंसुद्धा नाही!

हो, खाल्लंच नाही. खाऊन फजिती झालेले लोक तुम्हाला शंभर भेटतील. न खाऊन झालेला बहुतेक मी एकटाच.

मी बसवकल्याणला हायस्कुलात हेडमास्तर होतो. रिटायर झालो आणि कमलला, म्हणजे आमच्या मंडळींना, घेऊन गुलबर्ग्यात राहायला आलो. आता कलबुर्गी म्हणायचं असतं, पण आमची जीभ अजून जुन्याच नावाला चिकटून आहे. दोघंच असतो. पेन्शन, पेपर, संध्याकाळी कॉलनीतल्या बागेला चार चकरा. सुखातलं म्हणावं असं चाललेलं.

माझी थोरली बहीण अक्का निर्ण्याला असते. हुमनाबादच्या पुढे, इथून बसनं अडीच तास. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं काय करायचं? तर अक्का नुकती लग्न होऊन सासरी गेलेली, आणि तिच्या पाठोपाठ दहा वर्षांचा भाऊ दप्तर घेऊन दारात हजर! नव्या नवरीच्या संसारात असलं लोढणं कुणाला आवडेल? पण दाजींनी, अक्काच्या नवऱ्यानं, एकदाही विचारलं नाही की हा किती दिवस राहणार. मी सहा वर्षं राहिलो. त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेला गेलो.

मी पाचवीत असताना दाजींनी बिदरहून चकोतऱ्याचं रोप आणलं. घरामागं खड्डा खणला. अर्धा त्यांनी, अर्धा मी. म्हणजे मी चार टिकाव मारले आणि बाकीचा वेळ माती उकरून गांडुळं बघितली. पाणी मात्र अक्कानं घातलं, आणि अजून तीच घालते.

चकोतरा म्हणजे काय ते माहीत आहे ना? पुण्यामुंबईकडे पपनस म्हणतात ते. लहान पोराच्या डोक्याएवढं फळ, बोटभर जाड साल, आत गुलाबी फोडी. त्याची साल ओढली की जो वास सुटतो ना! मला तरी त्या वासानं थेट अक्काच्या ओट्यावर नेऊन बसवल्यासारखं होतं. फोडीवरचा पांढरा पापुद्रा काढायचा, वर मीठ, लाल तिखट, चिमूटभर साखर. अक्का पापुद्रे काढायची आणि आम्ही खायचो. तिच्या वाट्याला काय यायचं हे मी त्या वयात कधी बघितलं नाही.

दर वर्षी मार्गशीर्षात पहिली तोड झाली की अक्का नऊ चकोतरे माझ्याकडे पाठवते. नऊच का? तिचा हिशेब! लहान पोत्यात घालते, देठाला एकेक पान ठेवते, प्रत्येकाला कुंकू लावते आणि पोत्याचं तोंड निळ्या सुतळीनं शिवते. टाके असे की डॉक्टरनं बघून शिकावेत. मग पोतं बसच्या कंडक्टरच्या हवाली. मी गुलबर्ग्याच्या स्टँडवर जाऊन ते उतरवून घेतो. कंडक्टरसुद्धा ओळखीचा झालाय, लांबूनच ओरडतो, "सर, अक्कांचा प्रसाद!"

आणि मग रोज संध्याकाळी एक. नऊ दिवस. कमलला आंबट सोसत नाही, त्यामुळे वाटणीही नाही.

दाजी तीन वर्षांपूर्वी गेले. हृदयविकार. शेतातून आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं. अक्का तांब्या घेऊन आली तोवर सगळं आटोपलं होतं. मी तेराव्यापर्यंत निर्ण्याला राहिलो. निघताना म्हणालो, "अक्का, येळवशीला येतो."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या भागातला शेतातला सण. त्या दिवशी गावं रिकामी आणि शिवारं भरलेली! आंबील, भाज्या-दाण्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. तर "येळवशीला येतो" म्हणालो, आणि त्यानंतर दोन येळवशी झाल्या. एकदा गुडघा दुखत होता. एकदा पेन्शनची काहीतरी कागदपत्रं होती. काय होतं ते आता मलाही नीट आठवत नाही. अक्काचा मुलगा हैदराबादला असतो. शेत बटईनं दिलेलं. घरात अक्का एकटीच.

हे सगळं कशासाठी सांगतोय? तर आता गोळी येते!

गेल्या दिवाळीत रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल भलतंच वर. डॉक्टर तरुण, पण हुशार आणि बोलायला गोड. म्हणाला, "सर, रोज रात्री एक गोळी. चुकवायची नाही. आता सांगा, खाता काय काय?"

मी हजेरी घेतल्यासारखी यादी म्हटली. ज्वारीची भाकरी? खा. तुरीचं वरण? खा. शेंगाची चटणी? "खा, पण चमच्यानं घ्या, वाटीनं नको." चहा? "दोन कप, सर." दारू? मी नुसतं गळ्यातल्या माळेला हात लावला, त्यानं पुढचा प्रश्न घेतला. आंबील? "प्या की, मलाही पाठवा."

"आणि चकोतरा."

डॉक्टरचं पेन थांबलं.

"चकोतरा? एखादी फोड वगैरे?"

"छे! नऊ."

"नऊ फोडी?"

"नऊ चकोतरे. नऊ दिवसांत."

त्यानं पेनाला टोपण लावलं आणि मला नीट समजावून सांगितलं. म्हणाला, आपल्या आतड्यात एक द्रव्य असतं, ते या गोळीचा बराचसा भाग वाटेतच फोडून टाकतं. डोस त्या हिशेबानंच दिलेला असतो. चकोतरा खाल्ला की त्या द्रव्याचं कामच बंद पडतं, आणि गोळी ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त रक्तात उतरते. मग अंग दुखणं, स्नायू दुखणं, क्वचित त्याहून वाईट. आणि सकाळी फळ आणि रात्री गोळी अशी पळवाटही नाही, कारण त्या फळाचा परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो.

"म्हणून ही गोळी चालू आहे तोवर चकोतरा बंद. काही शंका, सर?"

आयुष्यभर वर्गात टेबलावर छडी आपटून "शंका विचारा रे, शंका विचारा!" असं ओरडलेला मी. मान हलवून म्हणालो, "काही नाही."

बाहेर आलो. हृदयाची भीती वाटली म्हणाल तर तेवढी नाही. मला वाटलं, आता मार्गशीर्षात मी काय करायचं?

घरी येऊन मी गोळीच्या खोक्यातला तो इवल्या अक्षरांचा कागद भिंगाखाली धरला आणि लाल पेनानं रेघा मारल्या. फ्रिजवर तक्ता लावला. आणि चकोतरा आंबट, म्हणून सगळ्याच आंबटाचा मला संशय यायला लागला! लिंबू हलवलं. लोणचं हलवलं. आमटीतली चिंच बंद केली. चौथ्या दिवशी कमल डाव आपटून म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी एका फळाचं नाव घेतलंय. चिंचेनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"काळजी घेतलेली बरी."

"एवढी काळजी आहे तर अक्काला फोन करून सांगा की यंदा पाठवू नको म्हणून."

आणि तिथंच माझं घोडं अडलं. अक्काला काय सांगू? की मलाही हृदयासाठी गोळी लागली? ज्या बाईच्या हातात तो तांब्या तसाच राहिला, तिला हे ऐकवू? तिची झोप उडाली असती. उपास धरले असते, नवस बोलली असती, शेळ्या-कोंबड्या शेजारी सोपवून पहिल्या बसनं येऊन माझ्या छातीवर हात ठेवून बसली असती. नको रे बाबा. मी ठरवलं, अक्काला यातलं काहीही कळू द्यायचं नाही. तिचं पोतं घ्यायचं, गोड बोलायचं, फळं कुणाला तरी देऊन टाकायची. इतकं सोपं!

मार्गशीर्ष लागला, पोतं आलं. "सर, अक्कांचा प्रसाद!" घरी आणून मधल्या खोलीत ठेवलं. शिवण उसवली नाही, कारण उसवली असती तर एक तरी फोड तोंडात गेलीच असती. माझा माझ्यावर काडीचा भरवसा नाही.

पण वास! तागाच्या पोत्यातून वास येतो हो! पेपर वाचायला बसलो की वास. जप करायला बसलो की वास. मी हळूच जायचो, उकिडवा बसायचो आणि पोत्याला नाक लावायचो. एकदा कमलनं पकडलं.

"काय करायलाव?"

"शिवण बघतोय."

"नाकानं?"

मग मी पोतं नजरेआड केलं. शिडी लावून माळ्यावर टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो तर दोन्ही मांड्या ठणकतायत! माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्नायू दुखणं! डॉक्टर म्हणाला होता तेच! म्हणजे नुसता वास घेऊनसुद्धा गोळी रक्तात चढली! रिक्षा करून दवाखाना गाठला.

"डॉक्टर, वासानंही होतं का हो?"

"वासानं काही होत नाही सर. काल काय केलंत?"

"काही नाही. फक्त शिडीवर चढून एक पोतं माळ्यावर टाकलं."

"किती किलोचं?"

"असेल दहाबारा."

"आणि याआधी शिडी कधी चढला होता?"

मी मांड्या चोळायला लागलो. त्यानं खात्रीसाठी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. "आणखी काही विचारायचंय, सर?" तो परत म्हणाला. मी परत म्हणालो, "काही नाही." दोनदा संधी दिली हो त्यानं!

संध्याकाळी मी पोतं शेजारच्या बिरादार अण्णांच्या हवाली केलं. बिरादार अण्णा सज्जन माणूस, तूर डाळीचे व्यापारी, घरी माणसांचा राबता.

"सर, एवढे चकोतरे? कामून हो, तुम्ही खात न्हाई का?"

"गावाकडनं आलेत. आमच्याकडे खपत नाहीत. खा तुम्ही."

"बरं बरं. शिवण काय झकास हाय! उसवायला बी जीव होईना."

मी घरात येऊन पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. माळा रिकामा, मन त्याहून रिकामं.

आता खरी गंमत ऐका. त्याच संध्याकाळी अक्काचा फोन.

"दत्तू, फोडलास का रे?"

"फोडला की! पहिलाच फोडला. साखर हाय अक्का, साखर!"

"व्हय? आन् रंग?"

"लालबुंद."

"कमल जवळ बसली हुती का?"

"हुती की. तिखट तिनंच आणून दिलं."

"बरं वाटलं रे बाबा," अक्का म्हणाली, आणि एरवी दोन मिनिटांत फोन ठेवणारी ती पंधरा मिनिटं बोलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "आज दुसरा का?" मी म्हणालो, "व्हय, हा जरा आंबट." "मग तो विहिरीकडल्या फांदीचा असंल. ती फांदी पहिल्यापासनं तशीच हाय. तू तिच्यावरनं पडला हुतास, ध्यानात हाय का?"

ध्यानात नव्हतं. तिनं सांगितल्यावर आलं. पडलो, गुडघा फुटला, आणि दाजींनी मारायच्या आधी अक्कानं मला कणगीमागं लपवलं होतं.

खरं सांगू? त्या न खाल्लेल्या चकोतऱ्यांची मला चटक लागली. रोज संध्याकाळी सहा वाजले की मी फोनजवळ. तिसरा कसा होता, चौथ्यात बिया किती होत्या, सगळं रचून सांगायचो आणि अक्का त्यातून काहीतरी जुनं काढायची. दाजींची सायकल. माझं पहिलं बक्षीस, एक पितळी पेला, तो अजून तिच्या देव्हाऱ्यात आहे म्हणे. पाचव्याच्या वेळी आम्ही दोघं दाजींबद्दल बोललो. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. ती रडली नाही, मीच रडलो.

सातव्यावर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता दोनच उरलेत. मग फोन बंद! मी काय करावं? दुसऱ्या दिवशी म्हणालो, "अक्का, आज अर्धाच खाल्ला. अर्धा उद्याला ठेवला." म्हणजे आठवा दोन दिवस चालला. नवव्याची तर मी रोज एकेक फोड खाल्ली! कमल आतून ऐकत असायची. एकदा म्हणाली, "हा नववा चकोतरा काय भोपळ्याएवढा आहे का हो?" आणि मग जरा थांबून म्हणाली, "एवढी आठवण येते तर जाऊन या की."

"जाईन, जाईन," मी म्हणालो.

येळवस आली. दुपारी जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. अक्काचा, आणि व्हिडिओचा! मुलानं तिला मोठा फोन दिलाय. पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग ज्वारीचं कणीस, मग अक्काचं अर्धं कपाळ.

"दत्तू, दिसते का रे मी? आम्ही रानात हाव. आंबील प्यालो. तू काय करायलास?"

"तुझीच आठवण काढायलोय. नवव्याच्या शेवटच्या दोन फोडी राहिल्यात, आत्ता मीठ लावून घेतो."

"व्हय का?"

"व्हय. तुझ्या चकोतऱ्याला तोड अख्ख्या जिल्ह्यात न्हाई, अक्का!"

फोनमधलं चित्र हललं. अक्काचं कपाळ गेलं, पायाखालचं ढेकूळ आलं, आणि मग पडदाभर एक पोतं दिसलं. निळ्या सुतळीनं शिवलेलं. एक टाकासुद्धा न उसवलेलं.

तुम्ही विचाराल, ते तिथं गेलं कसं? अहो, आपला भागच असा आहे! इथं दोन अनोळखी माणसं चहाला बसली की तिसऱ्या वाक्याला नातं निघतं. बिरादार अण्णांनी लेकीला हुमनाबादला दिलेली. व्याह्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून त्यांनी पोतं तसंच लेकीच्या सासरी नेलं. व्याह्यांनी बघितलं, एवढं सुबक शिवलेलं, घरी उसवण्यापेक्षा मानाचं म्हणून कुठंतरी द्यावं. आणि त्या व्याह्यांचं रान होतं निर्ण्याला! अक्काच्या रानाला बांध लागून! दर येळवशीला अक्का त्यांना हाक मारून आंबील पाजते. मग ते तरी रिकाम्या हातानं कसे येतील? "घ्या अक्का, गुलबर्ग्याचा मेवा!" म्हणून त्यांनी तिच्याच झाडाचे चकोतरे तिच्याच पुढ्यात ठेवले.

"दत्तू," फोनमधून आवाज आला, "तू मग खायलास ते कुणाचे रे?"

हेडमास्तर, एकतीस वर्षं, भाषणं ठोकलेला माणूस! मी म्हणालो, "अक्का, त्याचं काय झालं..."

"बरं," ती म्हणाली. फोन बंद.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं हो. नुसतं "बरं" म्हणाली.

त्या दिवशी मी बारा वेळा फोन लावला. दुसऱ्या दिवशी किती ते मोजलं नाही. उचलेना. सहा वाजायचे, मी फोन हातात घेऊन बसायचो, तो गप्प. कमल म्हणाली, "उठा, बस धरा आणि जा." मी म्हणालो, "आत्ता रागात असेल. जरा शांत होऊ दे." मनात काय होतं ते सांगतो. तिच्या दारात उभं राहून तिच्या डोळ्यांकडं बघायची हिंमत नव्हती माझ्यात.

मग मी आमच्या मास्तरांच्या जातीला शोभेल असंच केलं. लेखी खुलासा दिला! फोनवर हे एवढं मोठं पत्र टाइप केलं. विषय, कारण, खुलासा, क्षमायाचना. चौथी शिकलेल्या बहिणीला! शेवटी पुरावा म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो जोडला आणि पाठवून दिलं. म्हटलं, आता घाबरायची ती घाबरू दे, पण मी तिची फळं फेकली असं तिला वाटायला नको.

तासाभरात फोन वाजला.

"दत्तू, ते लांबलचक काय लिवलंयस ते मी वाचलं न्हाई, चिठ्ठी तेवढी पोराकडनं वाचून घेतली. ही गोळी कवापासनं हाय?"

"दिवाळीपासनं."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"दाजींचं तसं झालं. म्हणलं तू घाबरशील."

मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. अक्का म्हणाली, "मला काय वाटलं ठावं हाय का? दाजी गेले, आता माझ्या भावाला ह्या घरचं काईच नको झालं. दोन दिवस चूल पेटवली न्हाई मी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, चुकलो."

"रडू नको. आरं, हीच गोळी मला बी हुती की!"

"काय?"

"तीन वर्सं झाली. दाजी गेल्यावर पोरानं माझं बी रगत तपासून घेतलं. हीच चिठ्ठी, हीच गोळी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू घाबरशील म्हणून."

घ्या! दोघं एकाच पिठाचे. मी म्हणालो, "म्हणजे तीन वर्षं तूसुद्धा चकोतरा सोडलास? दारात झाड असून?"

"कामून सोडू? रोज एक खाते."

"अगं, ती गोळी आणि चकोतरा चालत न्हाई!"

"तेच सांगितलं डॉक्टरनं. मी म्हणलं, डॉक्टरसाब, ते झाड माझ्या मालकानं आन् भावानं लावलंय. ते तोडू का तुम्ही गोळी बदलताव? तर तो हसला. म्हणला, मावशी, विचारलंव ते बरं केलंव, दुसरी हाय, तिचं आन् ह्या फळाचं काई वैर न्हाई. लिवून दिली. झालं. तू न्हाई का विचारलास?"

मी एम.ए., बी.एड. माझ्या शाळेच्या भिंतीवर मीच रंगवून घेतलं होतं, "जो विचारतो तो शिकतो." अक्षरं दीड फुटी होती.

"न्हाई विचारलं," मी म्हणालो.

"येवढा शिकलास आन् येवढं विचारता येईना?" ती हसायला लागली. किती दिवसांनी ऐकलं ते हसू! मीही हसलो. स्वयंपाकघरातून कमलही हसली, मोठ्यानं, बहुतेक चिंचेची आठवण काढून. जिवात जीव आला. मनात लगेच गुलाबी फोडी दिसायला लागल्या. मीठ, तिखट, चिमूटभर साखर.

मी घाईघाईनं म्हणालो, "अक्का, मी उद्याच डॉक्टरकडं जातो. माझ्या मनानं काई बदलत न्हाई, पण विचारतो. त्यांनी दुसरी लिवून दिली की तुला फोन करतो. तेवढं ते पोतं तसंच ठेव, उसवू नको. मी सांगितलं की सकाळच्या बसला घाल, मी स्टँडवर जाऊन उतरून घेतो. कंडक्टर आपल्या वळखीचा हाय, मी त्येला आधीच—"

"दत्तू," अक्का मधेच म्हणाली. आवाजातलं हसू अजून तसंच होतं, पण खाली काहीतरी दुखत होतं. "येका महिन्यात ते पोतं गुलबर्ग्याला जाऊन, हुमनाबाद हिंडून, माझ्या घरी परत आलं. मुकं पोतं! तू तीन वर्सं झाली, आला न्हाईस. का ती गोळी खाल्ल्यावर बसमधी बसायचं न्हाई, असं बी सांगितलंय रे तुझ्या डॉक्टरनं?"